तपासणीला येताना एक चाकाची खुर्ची घेऊन या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहतो. छत्तीस वर्षं बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काढली. सुरुवातीची काही वर्षं गावातल्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरांवर, पुढची सगळी बिल्डरांच्या इमारतींवर. पाया आखण्यापासून शेवटच्या टाइलचा सांधा भरेपर्यंतचं काम हाताखालून गेलं आहे. माझी मुलगी एकोणतीस वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. पाय साथ देत नाहीत, डावा हात आवळलेला असतो, उजवा बऱ्यापैकी चालतो. बोलते सावकाश, पण ऐकणाऱ्याने घाई केली नाही तर तिचं सगळं समजतं. घरी आम्ही तिला बाय म्हणतो.

हल्ली वर्तमानपत्रांत गोव्यातल्या गृहप्रकल्पांच्या पानपानभर जाहिराती असतात. पोहण्याचा तलाव, जिम, क्लब हाउस, सगळ्याचे फोटो. बायसारख्या माणसाला रस्त्यावरून थेट आपल्या फ्लॅटच्या न्हाणीपर्यंत कुणाला हाक न मारता पोचता येईल का, याबद्दल त्यात एक ओळ सापडत नाही. ती ओळ का हवी, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

आमचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. जोतं तीन फूट. आपल्याकडचा पाऊस पाहता आजोबांनी जोतं उंच घेतलं यात त्यांची काहीच चूक नव्हती. वसरीवरून (ओसरीवरून) अंगणात उतरायला पाच पायऱ्या. बाय लहान असताना मी तिला कडेवर घेऊन दिवसातून दहा वेळा चढायचो-उतरायचो. पुढे तिचं वजन वाढलं, माझं वय वाढलं. मग खुर्ची उचलायला दोन माणसं लागू लागली. मी आणि शेजारचा मुलगा, नाहीतर मी आणि ही, म्हणजे माझी बायको. बाय वीस वर्षांची झाली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अंगणात जायचं का असं विचारलं की ती लगेच उत्तर द्यायची नाही. आधी इकडेतिकडे बघायची. घरात कोण कोण आहे ते मोजायची. दोन माणसं दिसली नाहीत तर "नको" म्हणायची. तिला नको असायचं असं नाही, आम्हाला त्रास नको म्हणून ती नको म्हणायची. हे समजायला मला फार उशीर झाला.

सहा वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिला घेऊन उतरताना दुसऱ्या पायरीवर माझा पाय घसरला. तिला लागलं नाही, माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर पहिलं काम रॅम्पचं घेतलं.

ज्यांना हे कधी करावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी हिशोब सांगतो. रॅम्पचा चढ एकास बारा असावा लागतो. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी. आमचं जोतं तीन फूट, म्हणजे छत्तीस फूट. अंगण सरळ मोजलं तर बावीसच भरत होतं. मेस्त (गवंडी) म्हणाला, "पात्रांव, इतलो लांब कित्याक? धा फुटांनी जातलो." म्हणजे इतका लांब कशाला, दहा फुटांत होईल. दहा फुटांत तीन फूट चढवला की ढकलणाऱ्याच्या छातीवर सगळा भार येतो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते. बसलेल्या माणसाने स्वतः चाकं फिरवून चढण्याचा तर प्रश्नच नाही. मी त्याला छत्तीसच फूट करायला लावला. तुळशीवृंदावनाच्या मागून वळवला, वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा ठेवली, तिथे दम खाता येतो. दोन्ही बाजूंना नळीचे कठडे, आणि चाक बाहेर जाऊ नये म्हणून खाली चार इंचांची कड.

तरी एक चूक राहिलीच. वरचा थर खरखरीत ठेवला होता, ओल्या सिमेंटवर केरसुणी ओढून रेघाही मारल्या होत्या. पहिला पावसाळा आला आणि जुलैअखेर त्या रेघांत हिरवं शेवाळ धरलं. चाकं जागीच फिरू लागली. पंधरा दिवसांतून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशाने घासायचं, असं चार महिने केलं आणि पुढच्या मे महिन्यात वर पत्रे घातले. गोव्यात उघड्यावरचा रॅम्प वर्षातले चार महिने धोक्याचा असतो, हे मी तेव्हा शिकलो. अनेक हॉलांच्या आणि बँकांच्या दारात चकचकीत ग्रॅनाइटचे रॅम्प दिसतात. पावसात त्यावरून धडधाकट माणूसही कठड्याला धरून जातो.

आता सकाळी पोदेराचा, म्हणजे घरोघरी येणाऱ्या पाववाल्याचा भोंपू ऐकू आला की बाय स्वतः खुर्ची फिरवते, वसरीवरून रॅम्पने खाली जाते, गेटपर्यंत जाऊन सहा पाव घेते. पैसे मोजून देते, उरलेले मोजून घेते. पोदेर तिच्यासाठी थांबतो, एवढी सवय त्यालाही झाली आहे. या कामाला आधी दोन माणसं लागायची. आता कुणीच लागत नाही.

या पत्रात मला जे सांगायचं आहे ते हेच. माझ्या मुलीला किती माणसांची मदत लागते हे तिच्या आजारावर जेवढं ठरतं, तेवढंच घरावर ठरतं. तोच आजार, तीच मुलगी, फक्त घर बदललं आणि मदत कमी लागू लागली.

न्हाणीचं उदाहरण देतो. आमच्या न्हाणीचं दार उघडल्यावर आत जायला सत्तावीस इंच मोकळे मिळायचे. खुर्ची पंचवीस इंचांची. आत जाताना बायच्या बोटांचे पेर दर वेळी चौकटीला खरचटायचे. शिवाय दार आत उघडणारं. एकदा ही आत घसरून पडली ती नेमकी दारामागे. मी बाहेर, दार उघडेना, कारण उघडायला गेलो तर तिलाच लागणार. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगतो, न्हाणीचं दार बाहेर उघडणारं नाहीतर सरकतं करा. घरात अपंग कुणी असो नसो.

दार छत्तीस इंचांचं करायला चिऱ्याची भिंत फोडावी लागली, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) काढून नवी टाकावी लागली, टाइल्स उखडाव्या लागल्या. न्हाणीचं सगळं मिळून ऐंशी हजारांच्या घरात गेलं. हेच दार घर बांधतानाच छत्तीस इंचांचं ठेवलं असतं तर काय वेगळं लागलं असतं? फळी थोडी मोठी, आणि भिंत सहा इंच कमी. मी स्वतः शेकडो न्हाण्यांची दारं अडीच फुटांची लावून घेतली आहेत. नकाशात तसं होतं म्हणून लावली, नकाशा काढणाऱ्याला मी कधी प्रश्न विचारला नाही. याची मला आज खंत वाटते.

मग आधाराची दांडी. चांगली स्टीलची आणली, भिंतीत प्लग ठोकून स्क्रूने बसवली. तिसऱ्या आठवड्यात बायने जोर दिला आणि दांडी प्लगसकट बाहेर आली. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा असतो, खेचणाऱ्या वजनाला तो स्क्रू धरत नाही. नंतर त्या जागचा चिरा कोरून काढला, आत काँक्रीट भरलं, त्यातच बोल्ट बसवले आणि आठ दिवस पाणी मारलं. आज त्या दांडीवर मी लोंबकळलो तरी हलत नाही. ज्यांची घरं बांधायची चालू आहेत त्यांना सांगतो, कमोडच्या बाजूच्या भिंतीत काँक्रीटचा एक पट्टा आत्ताच टाकून ठेवा. दांडी लावायची वेळ वीस वर्षांनी आली तरी धरायला जागा असेल.

पूर्वी बायच्या आंघोळीला आम्ही दोघं आणि पाऊण तास लागायचा. आता ती दांडीला धरून स्वतः स्टुलावर सरकते. नळाला गोल मूठ होती ती काढून लांब दांड्याची लावली, तो नळ ती मनगटाने उघडते. ही फक्त डोक्यावरून न्हाऊ घालायला आत जाते. एकोणतीस वर्षांच्या मुलीला बापासमोर आंघोळ करावी लागत नाही, हे तिच्या दृष्टीने केवढं मोठं आहे ते मी वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी एक चूक पैशांचीही झाली. २०१४ साली शहरात फ्लॅट घेतला, दवाखाने जवळ पडतील म्हणून. जाहिरातीत लिफ्ट होती, नकाशातही होती. ताबा घ्यायला गेलो तर खाली पार्किंग, आणि पार्किंगपासून लिफ्टच्या दारापर्यंत सहा पायऱ्या. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला खुर्ची उचलायची. बिल्डरकडे गेलो तर तो म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. तिथे राहायला जाणं जमलंच नाही. आज त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत.

कायदा आहे की नाही? आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४४ सरळ सांगतं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना ये-जा आणि वापर करता येण्याचे नियम पाळलेले नसतील तर आस्थापनेला बांधकामाची परवानगी मिळणार नाही, आणि बांधून झालेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला किंवा वापराची परवानगी मिळणार नाही. आस्थापनेत सरकार येतं, तशाच खासगी कंपन्या आणि सोसायट्याही येतात. घरांच्या सरकारी योजनांत दिव्यांगांना पाच टक्के राखीव जागाही याच कायद्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. कायदा सक्ती सांगतो आणि त्याखाली केलेला नियम मात्र नुसती मार्गदर्शक तत्त्वं सांगतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असं म्हणून सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करायला केंद्र सरकारला सांगितलं.

मी ऑक्युपन्सीच्या, म्हणजे वापराच्या परवानगीच्या तपासण्या खूप पाहिल्या आहेत. सेटबॅक (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) टेपने मोजतात, उंची मोजतात, पार्किंगच्या जागा मोजतात, सेप्टिक टँकचं झाकण उघडून बघतात. रॅम्प कागदावर दाखवलेला असला की तिथे बरोबरची खूण पडते. चढ कुणी मोजत नाही. रॅम्प संपल्यावर पुढे उंबरठा आहे का, लिफ्टच्या दारातून खुर्ची आत जाते का, आत गेल्यावर बटणाला हात पोचतो का, हे बघायला वेगळं शिक्षण लागत नाही. म्हणून पंचायती, नगरपालिका आणि नगरनियोजन खात्याला माझी एकच मागणी आहे. तपासणीला येताना जीपमध्ये एक चाकाची खुर्ची घालून आणा. तुमच्यातल्या एकाने तिच्यात बसायचं, आणि पाय जमिनीला न लावता रस्त्यापासून एका फ्लॅटच्या न्हाणीपर्यंत जायचं. जिथे अडाल तिथे दाखला अडवा. अर्धा तास जाईल.

खुर्चीचं मी एवढं लिहिलं कारण ते माझ्या घरातलं आहे. बायच्या शाळेतले पालक आम्ही अजूनही भेटतो, तिथे गरजा किती वेगवेगळ्या आहेत ते ऐकतो. एका बाईंचा मुलगा स्वमग्न आहे, त्याला शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज सोसत नाही, कानांवर हात ठेवून तासभर रडतो. त्याला जाड भिंतीची, रस्त्यापासून लांब अशी एक शांत खोली हवी, बाकी काही नको. एका जोडप्याला दोघांनाही ऐकू येत नाही, त्यांनी दारावरच्या घंटेला दिवा जोडून घेतला आहे. दृष्टी कमी झालेल्या एका काकांना जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून दिला, खर्च एका डब्याचा. आणि म्हातारपण तर प्रत्येकाच्या घरी आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण अकरा टक्क्यांहून जास्त होतं, देशाचं साडेआठच्या आसपास. मुलं बाहेरगावी, आई-वडील तिसऱ्या मजल्यावर, आणि पावसात वीज गेली की लिफ्ट बंद. अशी घरं मी माझ्याच नात्यात पाच-सहा मोजू शकतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं. मी चौसष्ट वर्षांचा आहे, ही साठ. आमच्या मागे बायचं काय, हा प्रश्न आमच्यासारख्या प्रत्येक आई-बापाच्या उशाशी असतो. दिवसा कुणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही धीर करून तिला घेऊन एक निवासी संस्था बघायला गेलो. संस्था वाईट नव्हती. स्वच्छ होती, बायका मायेने वागत होत्या. पण साठ खाटा, मदतनीस मोजके, न्हाणीला एक वीत उंचीचा उंबरठा, त्यामुळे प्रत्येकाला उचलूनच न्यायचं आणि आंघोळी पहाटे पाचपासून सुरू करायच्या. गेटला कुलूप, कारण बाहेर लगेच मोठा रस्ता. त्या बायका तरी काय करणार? परत निघताना बायने एकच विचारलं, "हांगा पोदेर येता?" इथे पोदेर येतो का? येत नाही, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत आमच्यापैकी कुणीच बोललं नाही.

मला तिच्यासाठी मोठी इमारत नको. गावातलंच एक साधं घर हवं, तळमजल्याचं, रुंद दारांचं, दांड्या लावलेलं. त्यात तिच्यासारखी तिघं-चौघं राहतील, आणि दिवसाला एक व रात्रीला एक असा पगारी, शिकवलेला मदतनीस असेल. घर नीट बांधलेलं असेल तर चौघांना एवढे हात पुरतात, हे मी माझ्या घरात बघितलं आहे. घर चुकीचं असेल तर चौघांना चार मदतनीसही कमी पडतात, मग खर्च परवडत नाही आणि पुन्हा साठ खाटांचा हॉल उभा राहतो.

हे कुठे घडतच नाही असं नाही. तामिळनाडूत द बॅनियन ही संस्था २०१५ पासून मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात ठेवते, मदतीला माणूस देते. त्या बाजाराला जातात, स्वयंपाक करतात, शेजाऱ्यांकडे बसायला जातात. आपल्याकडे मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या माणसाला भाड्याने खोली मिळत नाही, ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. चांगला कामाला जाणारा मुलगा, घरमालकाला औषधांची पिशवी दिसली आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट म्हणतो की कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि आधार देणारी घरं उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था झाली. पालकत्वाचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातात, आम्हीही ते कागद केले आहेत. कागदावर बायला पालक मिळेल. ती झोपणार कुठे, हे त्या कागदात नाही.

गोव्यात बारा तालुके. सुरुवातीला तालुक्याला एक घर धरलं तरी बारा घरं होतात. बांधायचीही गरज नाही. गावोगावी कुलूप लावलेली घरं आहेत, मालक मुंबईत नाहीतर परदेशात. सरकारने ती रीतसर कराराने भाड्याने घ्यावीत, दारं रुंद करावीत, न्हाण्या बदलाव्यात. गृहनिर्माण मंडळाच्या नव्या वसाहतींत तळमजल्याचे दोन फ्लॅट शेजारीशेजारी यासाठी राखून ठेवावेत. मदतनिसाचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला मिळायला हवा. जास्त आधाराची गरज असलेल्या माणसासाठी काळजीवाहकाचा भत्ता २०१६ च्या कायद्यात लिहिलेला आहे. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पैशांतून औषधं आणि डायपर भागतात, माणूस ठेवता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हा आम्ही बायला घेऊन गेलो होतो. जिथे जाऊ तिथे रॅम्प, सांकेतिक भाषेत सांगणारी माणसं, मदतीला धावणारी तरुण मुलं. तिथे बाय माणसं मोजत नव्हती. देशभरातून आलेल्या लोकांसाठी हे आपण करून दाखवलं, याचा मला गोंयकार म्हणून अभिमान आहे. संध्याकाळी परतताना एका नातेवाईकाकडे चहाला थांबायचं ठरलं होतं. इमारत नवी, चार वर्षांची. लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या. बायने वर बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको, मी गाडीतच बसते."

आपल्या दैनिकाने या तपासण्यांचा पाठपुरावा करावा ही विनंती. फोंडा तालुक्यात कुठल्याही नव्या इमारतीच्या तपासणीला पंचायतीने किंवा पालिकेने बोलावलं तर मी माझ्या खर्चाने येईन. खुर्ची आमचीच आणू, बायही येईल म्हणते. टेप माझ्या खिशात असतेच.

आपला,
एक निवृत्त बांधकाम सुपरवायझर आणि पालक,
फोंडा, गोवा